ट्रंकेतला कागद आणि कुपीतलं विकर

दिवाळीच्या फराळाचे डबे भरून झाले होते. ताई, तिची लेक आणि मी, तिघी जरा टेकलो होतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणारी माझी ही भाची मोबाइलमधले फोटो दाखवत होती. नवऱ्याचे, घराचे, ऑफिसच्या सहलीचे. मधेच एक फोटो आला. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी. आत काहीच दिसत नव्हतं.

"रिकामी बाटली कसली दाखवतेस गं?" मी म्हटलं.

"मावशी, रिकामी नाहीये ती. आत दहा मायक्रोग्रॅम विकर आहे. मिठाच्या एका कणापेक्षाही कमी. थर्मोकोलच्या खोक्यात, कोरड्या बर्फात घालून परदेशातून मागवलं आम्ही. वर काय लिहिलंय वाच, फक्त संशोधनासाठी. माणसाला द्यायचं नाही."

"एवढुशा कणाचं काय करता?"

ती उत्तर देणार, तोच ताई म्हणाली, "हेच थोरलीच्या अंगात नव्हतं."

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

थोरली म्हणजे ताईची पहिली मुलगी. १९८४ मधली. आता असती तर चाळिशी ओलांडली असती. पोर दिसायला गोड, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून तिचं पोट फुगायला लागलं. हातपाय काटकुळे आणि पोट नगाऱ्यासारखं. जरा कुठे आपटली की काळंनिळं व्हायचं. नाकातून रक्त यायचं. रात्री पाय दुखतात म्हणून रडायची, ताई तेल लावून चोळत बसायची. जंताचं औषध झालं, हिवतापाचं झालं, दृष्ट काढून झाली, नवस बोलून झाला. कुणी म्हणालं, माती खात असेल. शेवटी १९८९ मध्ये शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे हाडातला मगज काढून तपासला. "पानथरी खूप वाढली आहे. आजार दुर्मीळ आहे, यावर औषध नाही," एवढंच सांगितलं आणि हातात कागद दिला. १९९१ च्या पावसाळ्यात साधा न्यूमोनिया झाल्याचं निमित्त झालं, आणि थोरली गेली. सात वर्षांची होती.

ताई आत्याच्या घरात दिलेली. म्हणजे सासू ही आमची सख्खी आत्या. मोठ्या हौसेनं भावाची मुलगी सून करून आणली होती तिनं. पण दुःखात माणसाची जीभ सैल सुटते. "तुझ्याच अंगात दोष होता. पोटी हे घेऊन आलीस," असं आत्या बोलून गेली. एकदा नाही, अनेकदा. ताईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, ही भाची झाली. धडधाकट. बारावीत असताना तिनं ट्रंकेतून जुना कागद शोधून काढला. त्यावर तिला इंग्रजीत दोन शब्द दिसले, 'गोशे सेल्स'. ते शब्द कुणी आम्हाला समजावून सांगितले नव्हते, आम्हीही विचारले नव्हते. त्या दोन शब्दांचा माग काढत ती आज त्या कुपीपर्यंत पोचली आहे.

घंटागाडी आलीच नाही तर

मैत्रिणींनो, 'विकर' हा शब्द शाळेत पाठ केलेला असतो आणि परीक्षा झाली की विसरलेला असतो. इंग्रजीत एन्झाइम. पण विकरांशी आपली रोजची ओळख आहे. पोळीचा घास नुसता चावत राहिलं की गोड लागायला लागतो, ते लाळेतल्या विकराचं काम. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतो, ते पचायला हलकं होतं, तेही विकरामुळे. मोठा पदार्थ कापून त्याचे छोटे तुकडे करणारी ही शरीरातली विळी म्हणा ना. आणि प्रत्येक विळी एकच भाजी चिरते. दुसरी तिला चालत नाही.

आता थोरलीच्या आजाराकडे येऊ. आपल्या रक्तातल्या पेशी जुन्या झाल्या की मरतात. त्या गोळा करून मोडीत काढणाऱ्या सफाई कामगार पेशी आपल्या शरीरात असतात. पानथरीत, यकृतात, हाडांच्या मगजात त्यांची वस्ती. मोडीत निघालेल्या पेशींच्या आवरणातून एक मेदाचा पदार्थ निघतो, त्याला साखरेचा एक कण चिकटलेला असतो. तो कण तोडला की पुढची विल्हेवाट सोपी. हे तोडणाऱ्या विकराचं नाव ग्लुकोसेरेब्रोसिडेज. नाव जड आहे, काम साधं आहे.

हे विकर कमी पडलं तर? गल्लीत चार दिवस घंटागाडी आली नाही तर जे होतं तेच. कचरा साठत जातो. सफाई पेशी त्या मेदानं फुगतात, पानथरी आणि यकृत वाढतं म्हणून पोट फुगतं. हाडांतला मगज अडतो म्हणून हाडं दुखतात. रक्तातल्या तांबड्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या कणिका कमी होतात, म्हणून मूल पांढरंफटक पडतं, नाकातून रक्त येतं. थोरलीची सगळी लक्षणं ही अशी एका माळेत ओवलेली होती. आम्ही मात्र एकेक मणी सुटा धरून औषध करत बसलो.

पॅरिसमधल्या फिलिप गोशे या तरुण डॉक्टरानं १८८२ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं. रुग्ण एक बत्तीस वर्षांची बाई होती. त्याला वाटलं, हा पानथरीचा कर्करोग असावा. खरं कारण कळायला आणखी ऐंशी वर्षं गेली. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये डॉ. रोस्को ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास दाखवून दिलं, की कमी आहे ती या एका विकराची.

वारेतून निघालेलं औषध

मग ब्रेडींनी विचार केला, कमी आहे ना, मग बाहेरून देऊ. पण माणसाचं विकर आणायचं कुठून? इथे आपला, बायकांचा संबंध येतो. ते त्यांना सापडलं बाळंतिणीच्या वारेत.

आमच्याकडे घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा सुईण परसात खड्डा करून वार पुरायची. आता दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाते. नऊ महिने बाळाला पोसणाऱ्या या अवयवाकडे नंतर कुणी बघत नाही. पण त्यात हे विकर भरपूर असतं. १९७४ मध्ये ब्रेडींच्या गटानं वारेतून काढलेलं विकर दोन रुग्णांना टोचून पाहिलं. थोडी आशा दिसली, पण पुढे पुन्हापुन्हा करताना फळ एकसारखं येईना. विकर शरीरात जायचं, पण सफाई पेशींपर्यंत पुरेसं पोचायचंच नाही. पत्र टाकलं, पण पत्ता चुकीचा, तशी गत.

पत्ता कसा सुधारला तेही ऐका. या विकराच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाच्या काही साखरा कापल्या की आतली 'मॅनोज' नावाची साखर उघडी पडते. सफाई पेशींना मॅनोज ओळखता येते, त्या तिला धरून आत ओढून घेतात. टोकं छाटल्यावर विकर बरोबर दारात जाऊन पडायला लागलं. १९८३ च्या अखेरीस एका लहान मुलाला हे औषध देणं सुरू झालं. त्याची पानथरी काढून टाकायचा सल्ला डॉक्टर देत होते, आई तयार नव्हती. मुलगा सुधारला. त्याच वेळी मोठ्या माणसांना दिलं तर गुण येईना. सगळ्यांना मात्रा एकच दिली होती, लहानग्याच्या वजनाला ती पुरली, मोठ्यांना नाही. मग मात्रा वाढवून बारा रुग्णांवर चाचणी झाली. रक्त सुधारलं, पानथऱ्या लहान झाल्या. एप्रिल १९९१ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

१९९१. आमची थोरली गेली तेच साल. अर्थात तेव्हा ते औषध आमच्या गावापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पण हे कळल्यावर ताई उठून आत गेली होती, ते मला आठवतं.

अडचण अशी, की एका मोठ्या माणसाला वर्षभर पुरेल एवढ्या औषधासाठी वीस हजारांच्या आसपास बाळंतिणींची वार लागायची! देशोदेशीच्या प्रसूतिगृहांतून ती गोठवून गोळा करायची, फ्रान्समधल्या लिआँ शहराजवळच्या कारखान्यात नेऊन त्यातून विकर काढायचं. किंमतही तशीच, वर्षाला लाखो डॉलर. शिवाय माणसाच्या अवयवातून एखादा विषाणू तर येणार नाही ना, ही धास्ती. जगातल्या सगळ्या रुग्णांना पुरेल एवढी वार आणणार कुठून?

उंदराच्या पेशी, गाजराच्या पेशी

यावरचा उपाय म्हणजे भाचीच्या कुपीवर लिहिलेला शब्द, रिकॉम्बिनंट. तिनं मला तो स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगितला.

"मावशी, विकर म्हणजे पदार्थ. त्याची कृती आपल्या पेशींत लिहिलेली असते, तिला म्हणायचं जनुक. आपण काय करतो, माणसाच्या पेशीतली कृती उतरवून घेतो आणि दुसऱ्याच स्वयंपाकिणीच्या वहीत चिकटवतो. ती बिचारी वहीत लिहिलंय म्हणून करत बसते. पदार्थ मात्र आपल्या घरचा."

१९८५ मध्ये शास्त्रज्ञांनी या विकराची कृती उतरवून घेतली. स्वयंपाकीण निवडली चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातल्या पेशींची. हॅमस्टर म्हणजे उंदराच्या जातीचा गुबगुबीत प्राणी. अमेरिकेत १९५७ मध्ये अशा एका मादीच्या बीजांडकोशातून घेतलेल्या पेशी अजून वाढताहेत, आणि जगातली कितीतरी औषधं आज त्यांच्यात तयार होतात. मोठमोठ्या टाक्यांमध्ये त्यांना अन्न, हवा, ऊब द्यायची. त्या विकर तयार करून बाहेर सोडतात. ते गाळून शुद्ध करायचं. १९९४ मध्ये असं तयार केलेलं औषध अमेरिकेत मंजूर झालं आणि वारेची गरज संपली.

कारखान्यालाही दृष्ट लागते बरं का. २००९ मध्ये बोस्टनच्या कारखान्यातल्या टाक्यांत एक विषाणू शिरला. माणसाला तो धोकादायक नव्हता, पण हॅमस्टरच्या पेशी वाढेनात. कारखाना बंद ठेवावा लागला आणि जगभरच्या रुग्णांना औषधाची टंचाई सोसावी लागली. त्यानंतर दुसऱ्या कंपन्यांची औषधंही आली. त्यातलं एक तर चक्क गाजराच्या पेशींत तयार होतं. हो, आपण हलवा करतो त्या गाजराच्याच! इस्रायलमधल्या कंपनीचं हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गंमत म्हणजे गाजराच्या पेशीत मॅनोजची टोकं आपोआप उघडी राहतील अशी सोय करता येते, वेगळी छाटणी करावी लागत नाही.

मग ती कुपी कशाला?

रुग्णाला दिलं जाणारं औषध वेगळं आणि भाचीच्या फ्रीजमधली कुपी वेगळी. विकर तेच, माणसाचंच. पण कुपीतलं विकर माणसाला टोचण्याच्या कसोट्यांतून गेलेलं नसतं. ते अभ्यासासाठी. शुद्ध करायला सोपं जावं म्हणून अशा प्रथिनांना बहुधा एक छोटी शेपटी जोडलेली असते. जत्रेत पोर हरवू नये म्हणून आपण त्याच्या मनगटाला लाल फीत बांधतो ना, तशी. निकेलचे कण ती शेपटी धरून ठेवतात, बाकीचा गाळ वाहून जातो.

"पण तुम्ही करता काय त्याचं?"

"रोज त्याची परीक्षा घेतो," ती हसून म्हणाली. विकरासमोर एक नकली पदार्थ ठेवायचा. विकरानं तो तोडला, की त्यातून सुटणारा भाग अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. जितका निळा उजेड जास्त, तितकं विकर कामसू. मग त्यात वेगवेगळी रसायनं घालून बघायची. कशानं त्याचं काम थांबतं, कशानं ते जास्त टिकतं.

टिकण्याला महत्त्व का? अनेक रुग्णांच्या पेशी विकर तयार करतात, पण ते नीट घडी न पडलेल्या साडीसारखं वेडंवाकडं होतं. पेशी त्याला रद्दी समजून फेकून देते. घडी सावरून धरणारं एखादं साधं औषध मिळालं तर? २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आधीच बाजारात असलेली शेकडो औषधं अशा रीतीनं तपासली आणि त्यात सापडलं ॲम्ब्रोक्सॉल. आपल्या कफाच्या सिरपमध्ये असतं ते! त्यावर अजून संशोधन चालू आहे. आणि कृपा करून कुणी खोकल्याच्या बाटल्या आणून पाजू नका. संशोधनातली मात्रा कितीतरी मोठी असते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

शिरेतून दिलेल्या औषधाला एक मर्यादा आहे. ते मेंदूत शिरत नाही. म्हणून गोशेच्या ज्या प्रकारांत मेंदूला इजा होते, तिथे त्याचा मेंदूसाठी उपयोग होत नाही. दुसरं म्हणजे, याच जनुकात दोष असणाऱ्यांना पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो असं दिसून आलं आहे. बहुतेकांना तो होत नाही, तरी धोका आहेच. म्हणून थोड्या कुटुंबांच्या आजारासाठी शोधलेलं हे विकर आज जगभरच्या प्रयोगशाळांत इतकं मागवलं जातं.

कागदावरच्या चार चौकटी

त्याच दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, भाचीनं एक धाडस केलं. आत्या आता नव्वदीला टेकली आहे. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत. भाची तिच्या खाटेवर जाऊन बसली आणि पाठकोऱ्या कागदावर चौकटी काढायला लागली.

"आजी, हे बघ. प्रत्येक कृतीच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम भागतं, माणूस ठणठणीत राहतो. दोन्ही खराब आल्या तरच आजार. म्हणजे आईकडून एक आणि बाबांकडूनही एक यावी लागते. एकटी आई हा आजार देऊच शकत नाही."

आत्या कागदाकडे बघत राहिली.

"आईला ती तिच्या बाबांकडून आली असणार. म्हणजे तुझ्या भावाकडून. आणि माझ्या बाबांना?"

आत्यानं मान वर केली. "माझ्याकडून?"

"हो आजी. तुझ्याकडून. आणि तुला तुझ्या आईकडून नाहीतर वडिलांकडून. कुणाचाच दोष नाही गं. कुणाला ठाऊकच नव्हतं."

आई-वडील दोघेही असे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. चारात दोन वेळा मूल नुसतं वाहक, चारात एकदा पूर्ण मोकळं. एकदा आजारी मूल झालं म्हणून पुढची तीन चांगली, असं गणित नसतं. दर वेळी फासा नव्यानं पडतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात दोष येतोच असं नाही, हजारो संसार सुखानं चालले आहेत. पण घराण्यात एखादी खराब प्रत असेल, तर नात्यातल्या लग्नात तिच्या दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो.

भाचीनं स्वतःची तपासणी केली आहे. ती वाहक आहे. लग्न ठरताना तिनं मुलाला आधी हे सांगितलं. ताई घाबरली होती, स्थळ मोडेल म्हणून. मुलानंही तपासणी केली, तो वाहक नाही. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला.

तुमच्या-माझ्यासाठी

मूल खुरटलेलं आहे, पोट मात्र मोठं आहे, अंगावर उगाच काळेनिळे डाग पडतात, घोळणा फुटतो, हाडं दुखतात, रक्तवाढीच्या गोळ्यांनी गुण येत नाही, असं असेल तर डॉक्टरांना पानथरी तपासायला सांगा. ती वाढलेली असेल आणि कारण सापडत नसेल, तर 'विकराची तपासणी करायची का?' असं स्पष्ट विचारा. ही तपासणी रक्तावर होते, कित्येकदा कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही. घरात आधी असं मूल होऊन गेलं असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा कण घेऊन गर्भाची तपासणी करता येते. मात्र त्याआधी, शक्यतो दिवस राहण्यापूर्वीच, आनुवंशिक आजारांच्या सल्लागाराला भेटा. आणि जुने रिपोर्ट फेकू नका.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं, त्यात गोशे आजार आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक. उपचारासाठीच्या मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. पण हे औषध साधारण दर दोन आठवड्यांनी, जन्मभर घ्यावं लागतं आणि मात्रा वजनावर ठरते. मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. त्यामुळे ही रक्कम किती वर्षं पुरणार, हा प्रश्न आई-बापांपुढे उभाच राहतो. स्वस्त, तोंडानं घेता येईल असं काही सापडावं म्हणूनच भाचीसारख्या मुली त्या कुपीसमोर तासन्‌तास बसलेल्या असतात.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी आत्यानं ताईला हाक मारली. ताई दिवे लावत होती. आत्या काही बोलली नाही. चौकटींचा कागद तिनं घडी करून ताईच्या हातात दिला आणि म्हणाली, "थोरलीच्या कागदाबरोबर ठेव हा."

ताईनं ट्रंक उघडली. दोन्ही कागद आता एकत्र आहेत.